मॅडमचा बडग्या

"मॅडम, आज गावातून गाडी नाही नेत जी," शालिकभाऊंनी फाट्यावर जीप थांबवली. "कालव्याच्या अंगानं जाऊ. थोडं लांब पडते, पन बरं राहीन."

"का? गावात काय झालं?" डॉ. वसुधा पिंपळशेंडे मांडीवरच्या आलेखांतून डोकं वर न काढता म्हणाल्या.

"झालं नाही काही. मारबत आहे ना आज."

"मारबत दरवर्षी असते, शालिकभाऊ. आणि दरवर्षी आपण गावातूनच जातो."

शालिकभाऊंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी काही मदत करीन अशी त्यांची आशा असावी. पण मी रत्नागिरीची, विदर्भात येऊन मला वर्षही झालं नव्हतं. मारबत हा शब्द मी ऐकून होते, त्यापलीकडे मला ओ का ठो माहीत नव्हतं.

"तुमचाच बडग्या काढून रायले, मॅडम," शेवटी ते एका दमात बोलून मोकळे झाले.

मॅडमनी आलेख मिटले. "बडग्या? आणि बाईचा? हे नवीनच."

शालिकभाऊ खाली मान घालून स्टिअरिंग पुसत बसले. मग मॅडमनीच मला समजावलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इकडे मारबत काढतात. बांबूचा सांगाडा, त्यावर कागद नि चिंध्या, असा एक बाईचा पुतळा. तो वाजतगाजत गावभर फिरवायचा आणि शिवेबाहेर नेऊन जाळायचा. गावातली रोगराई, खोकला, सगळी पीडा तिनं आपल्याबरोबर न्यावी म्हणून सगळे ओरडत मागं चालतात. तिच्या जोडीला असतो बडग्या. तो पुरुषाचा पुतळा, आणि तो थट्टेचा. वर्षभरात ज्यानं गावाला छळलं, फसवलं, त्याचं सोंग त्यात काढायचं. कधी तलाठी, कधी पुढारी, कधी महागाई.

"मोठा मान आहे तो एका परीनं," मॅडम म्हणाल्या. "चला, गावातूनच. आपलाच बडग्या नाही पाहायचा तर कुणाचा पाहायचा?"

बडग्यात मॅडम का होत्या हे सांगायचं तर आधी आमचं काम सांगावं लागेल. धानोळ्याच्या औष्णिक वीज केंद्रात रात्रंदिवस कोळसा जळायचा आणि त्याचा धूर उंच चिमणीतून आभाळात जायचा. त्या धुराचा एक बारीक फाटा चिमणीच्या अलीकडे वळवून आम्ही आमच्या छोट्या प्रकल्पात घेतला होता. आधी विजेच्या पत्र्यांवर त्यातली राख बसवायची. मग चुन्याच्या पाण्यानं धुऊन त्यातलं गंधक काढायचं. उरलेला धूर एका मनोऱ्यात खालून वर सोडायचा, आणि वरून एक द्रावण झिरपत आणायचं. त्या द्रावणाला मासळी नासल्यासारखा वास होता. सगळे नाकाला रुमाल लावून फिरायचे, मी कोकणातली म्हणून मला तो जरा कमी छळायचा. हे द्रावण धुरातला कार्बन डायऑक्साइड शोषून घ्यायचं. दुसऱ्या मनोऱ्यात नेऊन ते तापवलं की वायू सुटा व्हायचा, आणि द्रावण परत कामाला लागायचं.

हे सगळं मॅडमनी उभं केलं होतं. विद्यापीठातली सुखाची नोकरी सोडून त्या वरोऱ्याजवळच्या आपल्या मुलखात परत आल्या होत्या. केंद्राच्या भंगारातून एकेक पाइप निवडून, साहेब लोकांच्या दारात ताटकळत बसून त्यांनी तो मनोरा चढवला. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर पिवळं हेल्मेट, अशा त्या पन्नाशी उलटल्यावरही शिडीवरून सरसर वर जायच्या. द्रावणाला फेस आला तर यंत्राआधी त्यांनाच कळायचं. मी आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं पाहिली. पण आपल्या कामावर इतका जीव लावणारं माणूस त्यांच्याशिवाय दुसरं पाहिलं नाही.

अडचण एकच होती. राख आम्ही ठेवून घेत होतो, गंधक चुन्यात अडकत होतं, पण पकडलेल्या कार्बन डायऑक्साइडचं करायचं काय, याला ना जागा मिळत होती ना परवानगी. म्हणून 'तूर्त' तो आम्ही दुसऱ्या नळीनं परत चिमणीत सोडत होतो. रोज पकडायचा आणि रोज सोडायचा. केंद्रात हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेरचं कुणी विचारत नव्हतं, आणि आपण होऊन सांगायला कुणाला हौस नव्हती.

विचारलं ते पर्बताबाईनं, त्या उन्हाळ्यातल्या ग्रामसभेत. पर्बताबाई ही गावातली सगळ्यात जुनी बाई. केंद्राची पहिली चिमणी उभी राहिली तेव्हा तिची मुलं रांगत होती. आमचे मुख्य अभियंता सालोडकर साहेब पडद्यावर चित्रं दाखवून सांगत होते, की धानोळ्यात धूर कसा पकडला जातो. चित्रं संपली तशी पर्बताबाई उठून उभी राहिली.

"पकडून ठेवता कुठं त्याले?" तिनं विचारलं.

"आजी, ते जरा तांत्रिक आहे..." सालोडकर साहेबांनी सुरुवात केली.

"ठेवत नाही," मॅडम मागून म्हणाल्या. "परत चिमणीत सोडतो."

सभेत असं हसू फुटलं की माईकवाला पण खाली बसून हसू लागला. पर्बताबाई तेवढी हसली नाही. "मंग पकडता काहून?" तिनं विचारलं.

"पकडता येतो का ते आधी शिकावं लागतं. ते शिकलो. ठेवायचा कसा ते अजून जमलं नाही."

परत येताना जीपमध्ये माझा नुसता संताप झाला होता. "मॅडम, 'संशोधन सुरू आहे' असं म्हणता आलं असतं," मी म्हणाले.

"तिनं संशोधनाचं विचारलं नव्हतं, काळसेकर," मॅडम म्हणाल्या. "गॅसचं विचारलं होतं."

तर त्या उत्तराचा बडग्या आता चावडीपुढं उभा होता. मी पाहिलं आणि मला हसावं की रडावं कळेना. बैलगाडीवर तेलाचे दोन डबे एकावर एक रचून, त्यांना चंदेरी रंग फासून मनोरा केला होता. शेजारी बांबूच्या चटईची गुंडाळी करून चिमणी. चिमणीतून एक नळी मनोऱ्यात जात होती आणि दुसरी मनोऱ्यातून परत चिमणीत. मनोऱ्याच्या पुढं मॅडम. पेंढा भरलेली साडी, चष्मा, पिवळ्या रंगाचं टमरेल उपडं घालून हेल्मेट, आणि पायात चक्क कॅनव्हासचे बूट. गळ्यात पाटी होती: 'एका नळीनं धरतो, दुसरीनं सोडतो'. आत मडक्यात गोवऱ्या पेटवल्या होत्या, म्हणजे धूर खरोखर इकडून तिकडे जावा.

आमची जीप थांबली आणि ढोल बंद पडले. लोकांनी वाट दिली, पण कुणी नजर देईना. हा बडग्या केला होता बाबाराव झाडे यांनी. ते गावचे शिंपी, आणि गेली कित्येक वर्षं बडग्या त्यांच्याच हातचा असायचा. ते गाडीच्या चाकाआड सरकले.

मॅडम उतरल्या. बडग्याभोवती एक पूर्ण फेरी मारली. पाटी वाचली. स्वतःच्या पेंढ्याच्या चेहऱ्याकडे जरा वेळ पाहिलं.

"बाबाराव," त्यांनी हाक मारली.

"जी."

"मी एवढी जाड आहे?"

"पेंढा जास्त झाला जी," बाबाराव चाकाआडून म्हणाले.

कुणीतरी खुसकन हसलं. मॅडम वाकून नळ्या पाहू लागल्या. मला वाटलं, झालं तेवढं पुरे, आता निघावं. पण त्या एकदम गंभीर झाल्या. मनोऱ्यावर काही बिनसलं की त्यांच्या कपाळावर जी आठी पडायची तीच मला दिसली.

"हे बरोबर नाही झालं," त्या म्हणाल्या.

बाबाराव पुढं आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "राग नोका मानू, मॅडम. गावाची रीत आहे. कोन्या ना कोन्याचा काढावाच लागते."

"रागाचं नाही हो. ही दुसरी नळी पाहा. धूर हिच्यातून चिमणीत जायला पाहिजे ना? जातच नाही. सगळा इथं सांध्यातून गळतोय. लोकांना कसं कळणार मी परत सोडते म्हणून?"

बाबारावांनी वाकून सांध्याला हात लावून पाहिला.

"ओली माती आणा कुणीतरी. आणि एक चिंधी."

त्यानंतर जे झालं ते मी आजही कुणाला सांगते तेव्हा लोकांना मी तिखटमीठ लावतेय असं वाटतं. मॅडमनी पदर खोचला, बैलगाडीवर चढल्या आणि बाबारावांना हाताशी घेऊन स्वतःच्या बडग्याचा सांधा बुजवायला बसल्या. डबा थोडा तिरका करून घेतला. मडकं खालच्या अंगाला सरकवलं. "धूर वर जातो, बाबाराव, त्याला खाली जा म्हणून सांगता येत नाही," असं म्हणत नळीचा उतार बदलला. बाबाराव आधी बिचकत होते. पण कारागीर माणूस, दोन मिनिटांत ते सगळं विसरून मॅडमना "तिकून दाबा, तिकून" असं सांगायला लागले. शेवटी दोघं खाली उतरले आणि दुसऱ्या नळीतून धुराचा चांगला जाड लोट चटईच्या चिमणीत शिरला नि वरून बाहेर पडला.

गावानं काय आरोळी ठोकली. ढोल सुरू झाले. मॅडमनी मातीचे हात पदराला पुसले आणि मला म्हणाल्या, "आता कसं नीट समजतंय."

त्या शिवेपर्यंत चालत गेल्या. मारबतीमागं सगळं गाव ओरडत होतं, खोकला घेऊन जा, दमा घेऊन जा, राख घेऊन जा, आणि मॅडम त्यांच्यात मिसळून ओरडत होत्या. मला गाडीत थांबवेना, म्हणून मी पण गेले. शिवेवर आधी मारबत पेटवली, मग बडग्या. पेंढ्याच्या मॅडम भुर्रकन जळाल्या. पर्बताबाई शेजारी काठी टेकून उभी होती. ती एकदा जळणाऱ्या मॅडमकडे बघायची, एकदा शेजारच्या मॅडमकडे.

दुसऱ्या दिवशी नागपूरच्या वर्तमानपत्रात फोटो आला. बैलगाडीवर चढलेल्या मॅडम, हातात माती, आणि पाटीवरची अक्षरं ठळक दिसतायत. त्याखाली बातमी, की धानोळ्यात धूर पकडून परत सोडतात.

सालोडकर साहेबांनी आम्हा दोघींना बोलावून घेतलं. माणूस दुष्ट नव्हता. केंद्राविषयी कुणी वावगं बोललं की त्यांच्या जिवाला लागायचं, इतकंच.

"मुंबईहून तीन फोन आले," ते म्हणाले. "परवा समिती येतेय. तुमचा प्रकल्प ठेवायचा की मोडीत काढायचा ते ठरवायला येतेय, हे तुम्हाला माहीत आहे ना? आणि तुम्ही ऐन त्याच्या तोंडावर स्वतःचा बडग्या दुरुस्त करताय?"

"गळत होता," मॅडम म्हणाल्या.

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग एक टाइप केलेला कागद पुढं सरकवला. पोलिसांत द्यायची तक्रार होती. गावानं खोटा आणि बदनामीकारक देखावा केला, असा मजकूर. "यावर सही करा. पुतळा तुमचा होता, म्हणून सही तुमचीच लागेल. पुढं काही करायचं नाही, कुणाला आत टाकायचं नाही. समितीला दाखवायला एक कागद हवा, बस. म्हणजे ते खोटं होतं असं आपल्याला म्हणता येईल. तुमचा मनोरा वाचेल, वसुधाताई. मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

मी मॅडमकडे पाहिलं. मनोरा मोडला तर त्यांच्याजवळ दुसरं काही उरणार नव्हतं. घर नाही, मागं फिरायला नोकरी नाही. त्या मनोऱ्यावर त्यांनी आपली सगळी उमेदीची वर्षं घातली होती. खरं सांगायचं तर मला वाटलं, करावी सही. कोण बघतंय त्या कागदाकडे?

मॅडमनी कागद पूर्ण वाचला. "यात खोटं कुठलं ते लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"कुठलं म्हणजे?"

"गावानं काय खोटं दाखवलं? दोन नळ्या आहेत. एकीनं धरतो, दुसरीनं सोडतो. मी पाहिलं ना, अगदी बरोबर होतं. आधी नव्हतं, पण नंतर होतं."

त्यांनी कागद परत दिला. त्यात ना आव होता ना ताठा. हिशेबात चूक सापडली म्हणून वही परत द्यावी तसं त्यांनी ते केलं. साहेब हात टेकून खुर्चीत मागं रेलले.

समिती आली ती विश्रामगृहाच्या हॉलमध्ये बसली. अध्यक्ष होते निमकर नावाचे गृहस्थ. कमी बोलणारे, चष्म्याच्या वरून बघणारे. त्यांच्या पुढ्यात तो फोटो होता. बाबाराव आणि पर्बताबाई हॉलच्या मागच्या खुर्च्यांवर बसले होते. त्यांना बोलावण्याचं कारण वेगळं होतं, ते सांगते.

"डॉक्टर, हा फोटो खरा आहे?" निमकरांनी विचारलं.

"आहे."

"यात तुम्ही काय करताय?"

"गळती बुजवतेय."

समितीतला एक जण खोकल्याचं निमित्त करून हसला. निमकर हसले नाहीत. "आणि पाटीवर लिहिलंय ते?"

"तेही खरं आहे," मॅडम म्हणाल्या आणि उठून उभ्या राहिल्या. "आम्ही अर्धं काम केलंय. राख थांबते, गंधक थांबतं, वायू पकडला जातो. उरलेलं अर्धं करायला मला जागा द्या. नाहीतर मनोरा मोडा. निम्मं काम पूर्ण म्हणून दाखवत बसण्यात माझंही मन लागत नाही."

मग त्यांनी पिशवीतून एक वीट काढून टेबलावर ठेवली. राखाडी, साधी वीट. केंद्राची राख आणि चुना ओला करून ती पाडली होती. ओली असतानाच बंद खोलीत तिच्यावर आमचा वायू सोडला होता. चुना तो वायू धरतो आणि दगडासारखा होतो. एकदा धरला की धरला, मग तो चिमणीत जात नाही, कुठंच जात नाही. आमच्या प्रयोगशाळेत अशा मोजक्याच विटा झाल्या होत्या. मोठ्या प्रमाणावर करायच्या तर राखेच्या तळ्याजवळची जागा लागणार होती, आणि ते होतं धानोळ्याचं गायरान. गावाच्या संमतीशिवाय ते मिळणार नव्हतं. बाबाराव आणि पर्बताबाई त्यासाठी आले होते.

निमकरांनी वीट हातात घेतली, उलटसुलट केली, शेजारच्याला दिली. समिती आतल्या खोलीत गेली. आम्ही बाहेर बसलो. मॅडम बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होत्या, बांधून झाली की परत सोडत होत्या. मी त्यांना घाबरलेलं पहिल्यांदाच पाहत होते.

समिती परत आली. "प्रकल्प चालू राहील," निमकर म्हणाले. "विटांचं कामही करून पाहू, गावानं जागा दिली तर. पण एक अट आहे. डॉक्टर पिंपळशेंडे तांत्रिक काम बघतील. गावाशी, वर्तमानपत्रांशी, ग्रामसभेत, यापुढे केंद्राच्या वतीनं फक्त सालोडकर साहेब बोलतील. डॉक्टर, तुमच्या कामाबद्दल आम्हाला आदर आहे. पण तुमच्या बोलण्यानं आमची झोप उडते. हे मान्य असेल तर आजच सही करतो."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही, कुणाकडेच पाहिलं नाही.

"मान्य आहे," त्या म्हणाल्या. "मनोरा चालू राहू दे."

त्यांनी ते 'मान्य आहे' इतक्या पटकन म्हटलं, की त्यांनी याची तयारी आधीच करून ठेवली असावी. मनोरा वाचला होता आणि त्याच्या बदल्यात त्यांच्या तोंडाला कुलूप लागलं होतं. सालोडकर साहेबांनाही आनंद झाला नाही. ते खाली फरशीकडे बघत होते.

"मग गावाचं काय म्हणणं?" निमकरांनी मागं वळून विचारलं. "जागा द्याल?"

बाबारावांनी पर्बताबाईकडे पाहिलं. पर्बताबाई काठीवर भार देऊन उठली.

"मले एक इचारायचं आहे जी," ती म्हणाली. "उद्या वीट पाडाल. गॅस विटेत गेला का चिमनीत गेला, हे आमाले कोन सांगन?"

"सालोडकर साहेब दर सहा महिन्यांनी अहवाल देतील, आजी."

"सालोडकर साहेब भला मानूस आहे," पर्बताबाई म्हणाली. "माह्या नातवाले नोकरीले त्यायनंच लावलं. पन त्यायच्या आंधीच्या साहेबानं आमाले सांगतलं, थो धूर नाही, वाफ आहे. त्याच्या आंधीच्यानं बी तेच. मंग सालोडकर साहेबानं बी तेच सांगतलं. आमच्या कुरडया वाळवल्या तं वाफ त्याच्यावर काळी बसे. आमी पुसून पुसून खाल्ल्या. गॅस दिसते का डोयानं? राख तं दिसे, तरी आमाले वाफ सांगतली. हे तं दिसतच नाही. मंग कोनाच्या भरवशावर जागा देवाव?"

निमकर काही बोलायला गेले, पण तिनं काठी किंचित उचलली आणि ते थांबले.

"ह्या बाईले मी भर सभेत इचारलं, ठेवता कुठं म्हून. तिले सांगता येत होतं काईबाई. तिनं सांगतलं, सोडतो. आमी हासलो. आमी तिचा बडग्या काढला, अन् थो बी तिनं नीट करून देल्ला का लोकायले समजलं पाह्यजे. मी तिच्या बाजूले उभी होती थो जळे तवा." ती मॅडमकडे वळली. "जे बाई म्हनते सोडतो, तेच बाई उद्या म्हनन नाही सोडत, तं मी मानीन. दुसऱ्या कोनी सांगतलं तं नाही मानत. साहेब असो नाहीतं आनखी कोनी."

"म्हनजे कसं," बाबाराव उठून उभे राहिले, "जागा पाह्यजे असन तं बाई पाह्यजे."

एवढं बोलून दोघंही खाली बसले. निमकरांनी टेबलावरची वीट पुन्हा हातात घेतली. सालोडकर साहेबांनी घसा खाकरला.

"सर," ते म्हणाले, "आजी बरोबर बोलतायत. मी सांगितलं तर गाव मानणार नाही. मला माहीत आहे." त्यांच्यासारख्या माणसानं वरिष्ठांसमोर हे म्हणणं सोपं नव्हतं, आणि त्या दिवसापासून मला त्यांच्याविषयी वेगळंच वाटू लागलं.

निमकरांनी कागदावरची एक ओळ खोडली. मग तिरकस हसून म्हणाले, "ठीक आहे. आमची झोप गेली तरी चालेल." आणि सही केली.

मॅडम अजून उभ्याच होत्या. त्यांचा चेहरा काही सांगत नव्हता, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. मी पण रडले. मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. ग्रामसभेत जे उत्तर ऐकून मी त्यांना मनातल्या मनात वेडं ठरवलं होतं, त्याच उत्तरावर आता सगळं उभं होतं.

गायरानाच्या एका कडेला पत्र्याची शेड उभी राहिली. पहिल्या विटा फुटल्या, दुसऱ्या वाकल्या, मग जमायला लागल्या. पुढच्या उन्हाळ्यात ग्रामसभा भरली तेव्हा पडदा नव्हता, चित्रं नव्हती. मॅडम नुसत्या उभ्या राहिल्या. गाव त्यांना चांगलं काही ऐकायच्या तयारीनं आलं होतं. 'सगळा वायू विटेत जातो' असं त्या म्हणाल्या असत्या तर टाळ्या पडल्या असत्या, आणि खरं-खोटं करायला कुणीही गेलं नसतं. सालोडकर साहेब माझ्या शेजारी बसून बोटं मोडत होते.

"सांगा बाई," पर्बताबाई पुढच्या रांगेतून म्हणाली. "आता?"

"आता पाव हिस्सा विटेत जातो," मॅडम म्हणाल्या. "बाकीचा अजून सोडतो."

कुणी हसलं नाही. पर्बताबाईनं मागं वळून, ज्यांना ऐकू कमी येतं त्यांच्यासाठी मोठ्यानं सांगितलं, "पाव गेला म्हनते. बाकीचा जाचा आहे."

"बरं," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सभा पुढच्या विषयाकडे वळली. पुरावा कुणीच मागितला नाही.